घाट उतरण्याची किंमत

नाशिकहून मुंबईकडे निघालेला भरलेला ट्रक इगतपुरी सोडून कसारा घाटाला लागला, की थोड्याच किलोमीटरांत त्याला सुमारे 300 मीटर खाली उतरायचे असते. चढताना इंजिनाची कसोटी लागते हे सर्वांना ठाऊक आहे. उतरताना कशाची लागते?

ट्रकचे एकूण वजन 12 टन धरू. 12,000 × 9.8 × 300, म्हणजे सुमारे 353 लाख ज्यूल इतकी स्थितिज ऊर्जा घाटात कुठेतरी खर्ची पडली पाहिजे. एवढ्या उष्णतेने 30 अंशांचे 120 लिटर पाणी उकळीला येईल! थोडा भाग हवेचा विरोध आणि टायर घेतात. उरलेला सारा ब्रेकवर टाकला तर? चारही ड्रमचे मिळून वजन 200 किलो आणि लोखंडाची विशिष्ट उष्णता 500 धरली, तर तापमान साडेतीनशे अंशांनी वाढायला हवे. वारा ड्रमला थोडे निववतो, हे खरे. पण ब्रेकचे अस्तर फार तापले की त्याचे घर्षण घटते, आणि पायाखाली पॅडल असूनही गाडी थांबत नाही.

म्हणूनच युरोपातील जुन्या अवजड ट्रकांच्या किंमतपत्रकात मूळ किमतीखाली जादा साहित्याची यादी असे: पॉवर स्टीअरिंग, झोपण्याची केबिन, मोठी टाकी, मागच्या आसाचे वेगळे दंतगुणोत्तर, आणि ब्रेकना मदत करणारी साधने. डोंगराळ भागातल्या गिऱ्हाइकाने कशावर पैसे घालावेत, हा प्रश्न भौतिकीचाच आहे.

त्यांतले स्वस्त साधन म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक. धूर बाहेर नेणाऱ्या नळीत एक झडप बसवायची. ती मिटली आणि डिझेलचा पुरवठा थांबला, की दट्टे हवा कोंडत राहतात. चाकेच इंजिनाला फिरवतात, इंजिन हवेचा पंप बनते आणि उष्णता ड्रमकडे न जाता रेडिएटर व धुराड्यावाटे निघून जाते. अट एकच: गाडी गिअरमध्ये हवी, आणि तोही खालच्या. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये घाट उतरणारा चालक ही सारी मदत आपल्या हातानेच तोडतो. असली बचत फार महाग पडते.

जर्मनीच्या वाहन-नियमांत 9 टनांवरील ट्रकला असा सतत चालणारा ब्रेक सक्तीचा आहे. कसोटी अशी: 7 टक्के उतार, ताशी 30 किलोमीटर वेग, 6 किलोमीटर अंतर. आपल्या 12 टनी ट्रकला हे गणित लावले, तर सुमारे 93 अश्वशक्ती सलग 12 मिनिटे जिरवावी लागते.

हा आकडा पाहून जुन्या चालकांना 1210 आठवेल. जमशेदपूरच्या टेल्कोने 1954 साली डाइम्लर-बेंझशी करार करून ट्रक बनवायला घेतले. करार 1969 मध्ये संपला, तारा गेला, पण आकड्यांची भाषा राहिली: 12 टन, 100 अश्वशक्ती. म्हणजे त्या उतारावर ट्रकला रोखायला जवळजवळ त्याच्या पूर्ण इंजिनाएवढी शक्ती लागणार. आपल्याकडे मात्र गिऱ्हाईक बहुधा नुसती चासी विकत घेई आणि बॉडी बाहेर बांधून घेई.

दुसरे साधन महागडे, पण वर्गात शिकवायला फार सुंदर. फूकोने 1855 साली दाखवले, की चुंबकीय क्षेत्रात फिरणारी धातूची तबकडी आत उमटणाऱ्या भोवरा प्रवाहांमुळे अडते आणि तापते. याच तत्त्वावर गाडीच्या फिरत्या दांड्यावर तबकड्या आणि भोवती विद्युतचुंबक बसवतात. काहीच घासत नाही, म्हणून काही झिजत नाही. पण वेग मंदावला की हा ब्रेकही मंदावतो. गाडी उभी करायला ड्रमच लागतात.

शिवाय लोखंड आणि तांबे जड. उपकरण 200 किलोचे आणि ट्रकचा माल 8 टन धरला, तर दर 40 खेपांत एका पूर्ण खेपेचा माल मागे राहतो. किंमतपत्रकात हा आकडा छापलेला नसे. तो ट्रकमालकाने स्वतःच काढायचा.