नोकरीसाठी बायोडाटा आणि सोबतचे पत्र कसे लिहावे?



आपल्या दिघ्याच्या आजूबाजूला एमआयडीसीचे कारखाने आहेत, शेजारी ऐरोलीत आयटी कंपन्या आहेत. जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन सुरू झाले आणि ठाणे, वाशी, पनवेलला जाणेही सोपे झाले. पण मुलाखतीला आपण पोहोचण्याआधी आपला कागद पोहोचतो. घरातला पहिलाच नोकरीचा अर्ज असेल, तर सांगणारे कोणी नसते. म्हणून आज हा विषय घेऊया.

बायोडाटा (रिझ्युमे)

सायबर कॅफेतला तयार नमुना बघा. वडिलांचे नाव, धर्म, जात, छंद! हे लग्नाच्या बायोडाटात ठीक. खासगी कंपनीला एवढेच बघायचे असते की, हा उमेदवार आमचे काम करू शकेल का? (सरकारी अर्जात मात्र जे विचारले असेल ते सगळे भरा.)

एका पानात हे लिहा:

१. नाव, मोबाईल, ईमेल, राहण्याचे ठिकाण. आधार नंबर नको.
२. केलेले काम. सर्वात अलीकडचे आधी.
३. शिक्षण आणि कोर्स.
४. येणारी कौशल्ये व भाषा.

आपली मुले 'अनुभव नाही' असे लिहून मोकळी होतात. खरंच नाही का? कॉलेज करता करता मेडिकलच्या काउंटरवर बसलात, आईच्या डब्यांचा हिशोब ठेवलात, शिकवण्या घेतल्यात, हे कामच आहे! 'मी मेहनती आहे' असे सगळेच लिहितात. त्याऐवजी असे लिहा: 'मेडिकल दुकानात २ वर्षे काउंटर सांभाळला. रोज साधारण ८० बिले केली, दर महिन्याला स्टॉक मोजला.' वाचणाऱ्याला मेहनत आपोआप दिसते. आकडा मात्र खराच हवा, कारण मुलाखतीत त्यावरच प्रश्न येतो.

सोबतचे पत्र (कव्हर लेटर)

दहावीला आपण विनंती पत्र, मागणी पत्र शिकलो. हे त्याचेच भावंड. तीन छोटे परिच्छेद पुरेत: कोणत्या जागेसाठी अर्ज करताय, त्या कामाला तुमचा कोणता अनुभव उपयोगी पडेल, आणि कधीपासून रुजू होऊ शकता.

एक गंमत सांगते. लिओनार्दो दा विंचीने साधारण १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुडोविको स्फोर्झाकडे काम मागणारे पत्र लिहिले. एवढा मोठा चित्रकार, पण पत्रात आधी काय? हलके पूल, तोफा, युद्धाची साधने! चित्रकला अगदी शेवटी. कारण समोरच्याला युद्धाची चिंता होती. म्हणजेच आधी समोरच्याची गरज ओळखायची, मग आपले गुण सांगायचे.

म्हणून जाहिरात दोनदा वाचा. स्टोअरमध्ये माणूस हवा असेल तर स्टॉक मोजल्याचे वर घ्या. ऑफिसचे काम असेल तर टायपिंग आणि एक्सेल वर घ्या. एकच कागद दहा ठिकाणी पाठवू नका.

पाठवण्याआधी मोबाईल नंबर तपासा, फाईल पीडीएफ करा, तिला स्वतःचे नाव द्या आणि एकदा मोठ्याने वाचून बघा.

आज वही घ्या आणि आतापर्यंत केलेल्या पाच कामांची यादी करा, पगार मिळालेली आणि न मिळालेलीही. तुमचा बायोडाटा तिथूनच सुरू होतो.

सर्वांना मनापासून शुभेच्छा!