कोंबडीची आंघोळ आणि मुलांचे हात

खोली दहा बाय दहाची असली तरी दाराशी डालग्याखाली दोन-चार गावरान कोंबड्या ठेवणारी कुटुंबे आपल्या वस्त्यांत आजही आहेत. मुलांना घरचे अंडे मिळते, अडीनडीला एखादी कोंबडी विकता येते. मुले त्यांना लाडाने नावे देतात, कडेवर घेऊन फिरतात आणि हौसेने नळाखाली धरून साबणाने आंघोळही घालतात. या लाडापायी कोंबडी दगावू शकते, हे पालकांनी समजून घेतले पाहिजे.

वास्तविक कोंबडी आपली आंघोळ आपणच करते आणि ती मातीत करते. कोरड्या मातीत खळगा करून ती लोळते, पंख झाडते. त्यामुळे उवा कमी होतात. मग शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल ती चोचीने पिसांना लावते. साबणाने हे तेल निघून जाते आणि ओली कोंबडी गारठते. दाराशी फरशी असेल तर जुन्या खोक्यात कोरडी माती, थोडी वाळू आणि लाकडाची चाळलेली थंड राख घालून आडोशाला ठेवा. प्लॅस्टिक जाळलेली राख वापरू नका.

शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळली तर मात्र पाणी वापरावे लागते, कारण तिथे माशा बसून किडे पडतात. उन्हाच्या वेळी कोमट पाण्याने तेवढाच भाग भिजवा. घाण मऊ झाल्यावर काढा, ओढू नका. डोके पाण्याबाहेर ठेवा. फडक्याने टिपून पूर्ण वाळेपर्यंत उबेत ठेवा. पिल्लांना व आजारी कोंबडीला भिजवू नका. धरताना पंख अंगाशी हलके धरा, छाती आवळू नका. श्वास घेताना कोंबडीच्या छातीचे हाड हलावे लागते. ते दाबले गेले की ती गुदमरते.

आठवड्यातून एकदा शेपटीखालची पिसे बाजूला करून पाहा. मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर त्या उवांच्या लिखा होत. त्यावर रॉकेल किंवा झुरळांची पावडर लावू नका. कातडी भाजते, शिवाय विष अंड्यात उतरू शकते आणि ते अंडे आपलीच मुले खातात. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवून औषध घ्या आणि किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारा. दहा दिवसांनी पुन्हा तपासा, कारण लिखा फुटून नव्या उवा निघतात. रात्री रक्त पिणारे बारीक लाल किडे दिवसा खुराड्याच्या फटीत लपतात. म्हणून खुराडे स्वच्छ झाडून फटींना चुना लावा.

निरोगी दिसणाऱ्या कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. त्याने जुलाब आणि ताप येतो. लहान मुले व म्हातारी माणसे यांना धोका अधिक. कोंबडीला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय मुलांना लावा, मुका घेऊ देऊ नका. धुतलेले पाणी पिण्याच्या हंड्याजवळ सांडू नका. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू आला होता. तेव्हा कोंबड्या अचानक पटापट मरू लागल्या तर हात न लावता दवाखान्याला कळवा. मुलांनी कोंबड्या जरूर पाळाव्यात, पण साबण कोंबडीला न लावता स्वतःच्या हातांना लावावा.