आमची पोरं मोरीपाशी की चुलीपाशी?

'अतिथी देवो भव' हे घोषवाक्य केंद्राच्या पर्यटन खात्याने देशभर गाजविले. परंतु याच देशात १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू होण्यासाठी आलेल्या बाबासाहेबांना एकाही हिंदू हॉटेलात जागा मिळाली नाही. पारशांच्या धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहावे लागले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या टोळक्याने त्यांना तेथूनही बाहेर काढले. ज्यांनी हे भोगले, त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने पुढे घटनेचा मसुदा तयार केला. त्या घटनेच्या कलम १५ (२) ने हॉटेल व उपाहारगृहाचे दार जातीच्या नावावर कोणालाही बंद करता येणार नाही, असे बजावले.

गिऱ्हाईक म्हणून दार उघडले. आता प्रश्न आहे तो भटारखान्याच्या दाराचा!

पर्यटन मंत्रालयाने २००९-१० मध्ये 'हुनर से रोजगार तक' ही योजना आणली. आठवी पास, गरीब घरातील तरुणांना सहा ते आठ आठवड्यांत स्वयंपाक, वाढप, बेकरी, हाउसकीपिंग शिकवायचे, फी घ्यायची नाही, वर विद्यावेतन द्यायचे. शाळा सुटलेल्या पोराच्या हाती दोन महिन्यांत काम येणार असेल तर त्याचे आम्ही स्वागतच करतो. पण स्वागत करताना डोळे मिटून घ्यावेत काय?

ज्या सरकारी संस्थांत हे वर्ग चालविले गेले, त्याच संस्थांत तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रमही चालतो. मुंबईत दादरला अशी संस्था १९५४ पासून उभी आहे. पदवीसाठी देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, तीत इंग्रजीचा स्वतंत्र विभाग, शिवाय तीन वर्षांचा खर्च. म्हणजे एकाच इमारतीतून साहेबही बाहेर पडतो आणि बशा उचलणाराही. कोणत्या वर्गात कोणत्या वस्तीतले पोर बसते, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अनुसूचित जातींच्या १५ टक्के जागा आहेत, पण त्याची माहिती आमच्या वस्त्यांत किती जणांना आहे?

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. हॉटेलात भांडी धुणाऱ्या विभागाला 'किचन स्टुअर्डिंग' आणि संडास-बाथरूम साफ करणाऱ्या कामाला 'हाउसकीपिंग' म्हणतात. नाव इंग्रजी झाले, अंगावर कडक इस्त्रीचा गणवेश आला, म्हणून काम बदलले काय? कष्टाच्या कोणत्याही कामाला आम्ही हलके मानत नाही. परंतु पिढ्यान्‌पिढ्या लादलेलेच काम प्रमाणपत्र देऊन पुन्हा पदरात टाकले जात असेल, तर त्याला कौशल्य विकास म्हणता येणार नाही.

कारण अन्नाला चिकटलेली जात अजून सुटलेली नाही. २०१७ साली पुण्यात, स्वयंपाकीण बाईने जात लपवून सोवळे मोडले म्हणून हवामान खात्यातील शास्त्रज्ञ बाईने पोलिसांत तक्रार दिली. २०२१ च्या डिसेंबरात उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजविलेले जेवण शाळेतील सवर्ण मुलांनी नाकारले, तिला कामावरून काढले गेले आणि देशभर ओरड झाल्यावर परत घ्यावे लागले. अशा समाजात आमच्या पोराला केवळ कांदा चिरायला शिकवून भागणार नाही. आडनाव विचारणाऱ्या मुकादमाला कायद्याने काय उत्तर द्यायचे, हेही त्याच वर्गात शिकविले पाहिजे.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळेंची आठवण येथे करावी लागते. राजवाड्याच्या पागेतील हा नोकर सवर्णांच्या पाण्याला शिवला म्हणून त्याला मारझोड झाली. शाहू महाराजांनी त्याला नुसती सहानुभूती दिली नाही. पैसे दिले, भर शहरात हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे थांबून सर्वांदेखत चहा घेतला. मालक गंगाराम, चहा गंगारामच्या हातचा, आणि पिणारा राजा! शंभर वर्षांपूर्वी एका राजाला जे कळले, ते आजच्या लोकशाही सरकारला कळू नये काय?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी किती जण चुलीपाशी गेले आणि किती मोरीपाशी, वर्षानंतर किती टिकले, याचे आकडे जातवार जाहीर करा. आठ आठवड्यांनंतर थांबू नका. दहावी पास मुलांसाठी पाकशास्त्राचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्याची फी व वसतिगृह समाजकल्याण खात्याने द्यावे. पदवीच्या प्रवेश परीक्षेची तयारी बार्टीने करून घ्यावी. स्वतःची खानावळ काढू पाहणाऱ्याला महात्मा फुले महामंडळाने खेटे न घालायला लावता कर्ज द्यावे.

आणि समाजबांधवांनीही मुलाचे नाव नोंदविण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारावा : हा वर्ग माझ्या पोराच्या हाती झारा देणार आहे की घासणी?