उद्गारचिन्ह आणि फुली

जीसीसीला मायनस कॅपिटल एच हा फ्लॅग दिला की कम्पाइल करता करता तो प्रत्येक हेडरचं नाव स्क्रीनवर टाकत जातो. नावाआधी टिंबं असतात. एक टिंब म्हणजे आपल्या फाइलनं थेट मागवलेलं हेडर, दोन म्हणजे त्या हेडरनं मागवलेलं, असं खोल खोल. बऱ्यापैकी मोठ्या सी प्लस प्लस फाइलची ही यादी सहज शेकड्यांत जाते. प्रीकम्पाइल्ड हेडर, म्हणजे पीसीएच, वापरायचं ठरलेलं असेल तर मात्र टिंबाच्या जागी वेगळी खूण येते. उद्गारचिन्ह आलं तर पीसीएच स्वीकारलं गेलं आणि खालची यादी जवळपास उरतच नाही. एक्स आला, म्हणजे फुली, तर ते नाकारलं गेलं आणि खाली पुन्हा तीच सगळी वरात. "बिल्ड फार स्लो झालंय रे" असं कुणी म्हणालं की मी आधी ही ओळ बघतो.

इन्क्लूड म्हणजे शेवटी मजकूर आणून चिकटवणं. नुसतं आयओस्ट्रीम घेतलं तरी कम्पायलरसमोर हजारो ओळी येतात, आणि प्रत्येक सोर्स फाइलसाठी नव्यानं. पीसीएचमध्ये हे वाचन एकदाच होतं. जीसीसी हेडर वाचून झाल्यावर स्वतःच्या मेमरीतली अवस्थाच डॉट जीसीएच फाइलमध्ये उतरवून ठेवतो आणि पुढच्या वेळी ती थेट मेमरीत आणतो. क्लँग सिंटॅक्स ट्री लिहून ठेवतो आणि लागेल तेवढाच भाग वाचतो.

मात्र जतन झालेली ही अवस्था एकट्या हेडरची नसते. ती हेडर आणि त्या वेळचे फ्लॅग या दोघांची मिळून असते. हेडरमध्ये एखाद्या स्ट्रक्चरला डीबग बिल्डपुरता एक जादा मेंबर असेल, तर त्या स्ट्रक्चरचा आकार एका मॅक्रोवर ठरतो. लिबएसटीडीसी प्लस प्लसमध्ये ग्लिबसीएक्सएक्स-डीबग हा मॅक्रो लावला की व्हेक्टरसारख्या कंटेनरची मांडणीच बदलते. अशा वेळी जुनं पीसीएच गुपचूप वापरलं गेलं तर प्रोग्रॅम लिंक होईल, चालेल आणि कुठेतरी भलतीच मेमरी लिहील. म्हणून नाकारणं योग्यच. ते सांगायचं कसं, यावर मात्र कम्पायलरांचे स्वभाव वेगवेगळे आहेत.

क्लँग सरळ एरर देतो: अमुक भाषामानक पीसीएच बनवताना बंद होतं, आता चालू आहे. हेडर नंतर बदललं असेल तर तेही सांगतो आणि थांबतो. मायक्रोसॉफ्टचा कम्पायलर मॅक्रो जुळले नाहीत तर सी ४६०५ किंवा सी ४६५१ ही वॉर्निंग देतो, ऑप्शन जुळले नाहीत तर सी २८५५ ही एरर. जीसीसी मात्र काही बोलत नाही. पीसीएच बाजूला ठेवतो, मूळ हेडर उघडतो आणि कामाला लागतो. निकाल बरोबर, वेळ मात्र गेला. त्याचं तोंड उघडायला इनव्हॅलिड-पीसीएचची वॉर्निंग वेगळी मागावी लागते. मला विचाराल तर क्लँगचा खडूसपणा परवडला. रिकामी प्रोग्रेस बार बघण्यापेक्षा एरर बरी.

ती वॉर्निंग चालू केल्यावर आमच्या एका प्रोजेक्टमध्ये जी ओळ आली तिचा अर्थ असा: रीएन्ट्रंट डिफाइन्ड असल्यामुळे हे पीसीएच वापरलं नाही. हा मॅक्रो कोडमध्ये कुणीही लिहिलेला नव्हता. लिनक्सवर मायनस पीथ्रेड दिलं की जीसीसी तो स्वतःच लावतो. पीसीएच बनलं होतं एका लायब्ररीसाठी, पीथ्रेडशिवाय. दुसरं टार्गेट ते उसनं घेत होतं, सीमेकच्या रीयूज-फ्रॉमनं, आणि त्याला थ्रेडचा फ्लॅग होता. सीमेकमध्ये ही सोय २०१९ मध्ये ३.१६ आवृत्तीत आली आणि ती वापरताना दोन्ही टार्गेटचे ऑप्शन जुळवायची जबाबदारी आपल्यावरच असते.

जीसीसी सरसकट सगळे मॅक्रो तपासत बसत नाही, ही त्यातली खुबी. पीसीएच बनताना ज्या नावाचा प्रश्नच आला नाही, ते नाव नंतर डिफाइन केलं तरी चालतं. त्यामुळे एखाद्या टार्गेटला स्वतःचा व्हर्जन नंबर मायनस डीनं दिला, तर सहसा बिघडत नाही. सिस्टिम हेडरांनी मात्र रीएन्ट्रंट आहे का, हे विचारलेलं होतं. मॅक्रो नसलेले फ्लॅग वेगळे तपासले जातात: एक्सेप्शन चालू की बंद, मायनस एमनं सुरू होणारे प्रोसेसरचे ऑप्शन. शिवाय कम्पायलरची एक्झिक्युटेबल तीच लागते. नुसतं अपडेट केलं तरी जुनं जीसीएच बाद.

स्पर्धात्मक प्रोग्रॅमिंग करणारी कॉलेजची पोरं बिट्समधलं एसटीडीसी प्लस प्लस हेडर एकदा प्रीकम्पाइल करून ठेवतात. मग कधीतरी कमांडमध्ये सी प्लस प्लस १७ चं २० करतात, किंवा सॅनिटायझर लावतात, आणि लॅपटॉपला दोष देतात. यावर जीसीसीतच एक उपाय आहे: हेडरच्या नावापुढे डॉट जीसीएच लावून फाइलऐवजी फोल्डर करायचं आणि त्यात हव्या तेवढ्या जीसीएच फाइली टाकायच्या. कम्पायलर एकेक उघडून बघतो आणि जुळेल ती घेतो. लिबएसटीडीसी प्लस प्लसच्या बिल्डमध्येही अशी फोल्डरं तयार होतात. आतल्या एका फाइलचं नाव ओ-टू-जी, म्हणजे फ्लॅगच नावात. मायनस एचच्या यादीत मग एखाददोन फुल्या आणि त्यांच्यामागे उद्गारचिन्ह, असंही दिसतं.

आम्हाला दोन-दोन पीसीएच बनवायची हौस नव्हती. पीथ्रेड वरच्या सीमेक फाइलमध्ये सगळ्यांनाच लावला. जीसीसीच्या मॅन्युअलमधली युक्तीही केली: इन्क्लूडच्या रस्त्यात आधी लागणाऱ्या फोल्डरमध्ये जीसीएच ठेवायचं आणि शेजारी त्याच नावाचं खोटं हेडर, ज्यात फक्त हॅश एरर. पीसीएच नाकारलं गेलं की ते उघडतं आणि बिल्ड तिथेच पडतं. बाहेरून आणलेली एक लायब्ररी स्वतःचं भाषामानक सोडायला तयार नव्हती. तिच्यापुरतं पीसीएच बंद केलं. ती अजून सावकाश कम्पाइल होते, पण तिचा कोड क्वचितच कुणी बदलतो, त्यामुळे कुणाची हरकत नाही.