कॅसेट निघाली नाही, म्हणून गाणं बेवारस होत नाही

दर 14 जानेवारीला, नामविस्तार दिनी, छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या प्रवेशद्वाराजवळ भीमगीतं घुमतात. वामनदादा कर्डकांसारख्या लोककवींची आणि गायन पार्ट्यांची कितीतरी गाणी कॅसेटविनाच तोंडोतोंडी टिकली. आवडत्या पार्टीचं किंवा बँडचं असं एखादं सुरुवातीचं गाणं नव्याने रेकॉर्ड करावं, असं आज अनेक तरुणांना वाटतं. ही इच्छा मोलाची आहे. मात्र हक्कांबद्दलचे काही गैरसमज आधी दूर व्हायला हवेत.

गैरसमज : प्रसिद्ध न झालेल्या गाण्यावर कोणाचा हक्क नसतो.
वस्तुस्थिती : गीत लिहिलं, चाल बांधली की हक्क तयार होतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. शब्दांचा हक्क मुळात कवीचा, चालीचा संगीतकाराचा. गाणं लोकांपुढे कधी आणायचं, हे हक्कधारक ठरवतात. पुढे बीटल्स म्हणून गाजलेल्या मुलांनी 1958 मध्ये ‘क्वारीमेन’ या नावाखाली रेकॉर्ड केलेलं एक गाणं अधिकृतपणे बाहेर आलं ते थेट 1995 मध्ये.

गैरसमज : कवी हयात नाही, म्हणजे गाणं सगळ्यांचं.
वस्तुस्थिती : कवीच्या निधनानंतरही 60 वर्षं हक्क टिकतो. वामनदादा 2004 मध्ये गेले. त्यांच्या गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत राहील. पैठणच्या एकनाथांची भारुडं मात्र कोणीही गावीत. त्यांना आजच्या संगीतकाराने बांधलेली नवी चाल वापरायची, तर त्याला विचारायलाच हवं.

गैरसमज : कव्हर करायला परवानगी लागत नाही.
वस्तुस्थिती : कॉपीराइट कायद्यात 2012 साली आलेल्या कलम 31सी नुसार काही अटींवर कव्हर करता येतं. हक्कधारकाच्या संमतीने गाणं आधी रेकॉर्ड झालेलं हवं आणि ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं उलटलेली हवीत. आगाऊ सूचना द्यावी लागते, रॉयल्टीही आगाऊ भरावी लागते. तीही साधारणपणे वर्षाला किमान 50,000 प्रतींची. मनाप्रमाणे शब्द किंवा चाल बदलता येत नाही. जे गाणं फक्त मंचावर गायलं गेलं, त्याला ही सवलत लागू नाही. श्रोत्याने परस्पर मोबाइलवर टिपलेली क्लिप म्हणजे संमतीचं रेकॉर्डिंग नव्हे.

गैरसमज : मूळ कवीचं नाव दिलं आणि पैसे कमावले नाहीत, की झालं.
वस्तुस्थिती : श्रेय द्यायलाच हवं, पण ते परवानगीची जागा घेत नाही. घरी रियाज करायला आडकाठी नाही. हौशी मंडळाने विनातिकीट श्रोत्यांपुढे गाणं सादर करण्यालाही कायद्यात सूट आहे. तेच गाणं रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणं या सवलतीत बसत नाही.

म्हणून आधी कवी आणि संगीतकार किंवा त्यांचे वारस शोधा. रेकॉर्डिंग कुठे प्रसिद्ध होणार, मोबदला किती, नावं कशी लागणार, हे सगळं लेखी ठरवा. मूळ गाणारे हयात असतील तर गाणं त्यांच्यासमोर बसून शिका आणि त्यांच्या संमतीनेच रेकॉर्ड करा.