वीजबिलातून उभा राहिलेला धंदा

कापडाच्या धंद्यातील माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते : सुताचा भाव आणि विजेचे बिल. सुताचा भाव आज चढला तर उद्या उतरतो. विजेचा दर मात्र एकदा चढला की सहसा खाली येत नाही. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागधारक बांधवांना हे आम्ही वेगळे सांगायला नको. आम्ही स्वतः माग चालवत नाही, कापड घेतो आणि विकतो. पण वीज गेली की माल अडकतो आणि गिऱ्हाईक आमच्या दुकानावर येऊन ओरडते. म्हणूनच तुलसी तांती यांची हकिकत आम्हाला जवळची वाटते.

तांती यांचा जन्म २ फेब्रुवारी १९५८ रोजी राजकोट येथे झाला. त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी आणि मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा असे दोन्ही शिक्षण घेतले. एका हातात खातेवही आणि दुसऱ्या हातात पाना, असे म्हणायला हरकत नाही. भावांसह त्यांनी सुरतेत कापडधंद्यात पाय रोवला. धंदा बरा होता, पण विजेचा खर्च नफा खात होता आणि पुरवठ्याचाही भरवसा नव्हता. आपण सर्व अशा वेळी जे करतो ते त्यांनीही केले असेल : मंडळाला नावे ठेवली असतील. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी कारखान्यासाठी दोन पवनचक्क्या विकत घेतल्या.

यातील व्यवहार समजून घेण्यासारखा आहे. चक्की उभी राहते वाऱ्याच्या जागी, कारखाना असतो दुसरीकडे. चक्कीची वीज मंडळाच्या तारांत सोडायची, वाहतुकीचा आकार द्यायचा आणि उरलेली वीज आपल्या बिलातून वळती करून घ्यायची. वारा फुकट असला तरी जागा मात्र पारखून घ्यावी लागते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातील शक्ती आठपट होते. जागा थोडी चुकली तरी रक्कम मोठी बुडते.

तांती यांच्या लक्षात आले की जी अडचण आपली, तीच हजारो कारखानदारांची. १९९५ मध्ये त्यांनी सुझलॉन कंपनी काढली आणि जर्मनीच्या सुडविंड कंपनीकडून तंत्रज्ञान घेतले. त्या काळी चक्कीचा पूर्ण घसारा पहिल्याच वर्षी धरण्याची आयकरात सवलत होती. त्यामुळे काही जणांनी केवळ कर वाचवण्यासाठी चक्क्या घेतल्या, वीज किती येते हे पाहिलेच नाही. तांती यांनी वारा मोजणे, जमीन मिळवणे, चक्की उभारणे आणि पुढे तिची देखभाल करणे, ही सगळी जबाबदारी स्वतःकडे घेतली. गिऱ्हाइकाने पैसे घालायचे आणि वीज घ्यायची. २००१ मध्ये त्यांनी कापडाचा धंदा सोडला. आपल्या सातारा जिल्ह्यातील वनकुसवड्याच्या पठारावर आणि धुळे जिल्ह्यात साक्रीकडे त्यांच्या कंपनीच्या चक्क्या उभ्या राहिल्या. मुख्य कचेरी पुण्यात हडपसरला झाली. पृथ्वीचे तापमान वाढत आहे, कोळशावर किती दिवस विसंबणार, हा विषय ते देशोदेशी मांडू लागले. २००९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने त्यांचा गौरव केला.

येथवरची गोष्ट सर्वांना आवडते. पुढची गोष्ट व्यापाऱ्याने जास्त लक्ष देऊन वाचावी. २००६ मध्ये बेल्जियमची हॅन्सन कंपनी ४६.५ कोटी युरोला घेतली. २००७ मध्ये फ्रान्सच्या अरेव्हाशी चढाओढ करून जर्मनीच्या रीपॉवरचा ताबा मिळवला. कर्ज वाढत गेले. २००८ मध्ये अमेरिकेतील काही चक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्याने १,२५१ पाती मजबूत करून देण्याची पाळी आली. त्याच वर्षी जगभर मंदी आली. मागणी थांबली, व्याज थांबले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुमारे २०.९ कोटी डॉलरच्या रोख्यांची परतफेड चुकली. २०१५ मध्ये जर्मन कंपनी सुमारे १०० कोटी युरोला विकावी लागली. २०१९ मध्ये पुन्हा रोख्यांचे देणे थकले.

तांती यांनी मैदान सोडले नाही. देणी फेडण्यासाठी १,२०० कोटी रुपयांचे भाग विकण्याची तयारी चालू असतानाच १ ऑक्टोबर २०२२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. वय ६४ होते. २०२३ मध्ये कंपनीने आणखी भाग विकून कर्जाचा मोठा भार उतरवला. ते पाहायला ते नव्हते.

आमच्या मते या माणसाचा मोठेपणा त्या पहिल्या दोन चक्क्यांत आहे. त्या त्यांनी आपल्या कारखान्याची गरज मोजून घेतल्या होत्या. पुढे गरजेपेक्षा वेग वाढला आणि कर्ज डोईजड झाले. आज पत्र्यावर सौरपट्ट्या बसवून देणारे आपल्या बांधवांच्या दारीही येतात. त्यांना हाकलून लावू नका, पण लगेच सहीही करू नका. बारा महिन्यांची बिले काढा, किती युनिट लागतात ते पाहा, दरमहा हप्ता किती आणि बचत किती ते लिहून काढा. पट्टी बिघडली तर दुरुस्तीला कोण येणार, हे कागदावर घ्या. बचतीतून हप्ता निघत असेल तर सौदा करावा. निघत नसेल तर थोड्या पट्ट्यांनी सुरुवात करावी.