चौदा ओळींचं टेबल

डेटाबेसच्या मॅन्युअलसाठी उदाहरणं लिहायला बसले की माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो नमुन्याचा डेटा ठरवण्यात. क्वेरी लगेच लिहून होते. पण वाचणाऱ्याला तिचं उत्तर स्क्रीनवर बोट ठेवून पडताळता आलं पाहिजे, आणि हजार ओळींच्या टेबलात ते जमत नाही.

ओरॅकलची जुनी ईएमपी आणि डेप्ट ही टेबलं मी अजूनही उघडून बघते. चौदा कर्मचारी, चार खाती. बोस्टनच्या ऑपरेशन्स खात्यात एकही माणूस नाही. साधा जॉइन केला की ते खातं उत्तरातून गळतं, आउटर जॉइन केला की परत येतं. फोर्ड आणि स्कॉट दोघांचाही पगार 3000, म्हणून त्यांच्या खालचा जोन्स ‘रँक’मध्ये चौथा येतो आणि ‘डेन्स रँक’मध्ये तिसरा. मला सगळ्यात आवडतो तो टर्नर. तो सेल्समन, कमिशन शून्य. दहा जणांच्या त्याच रकान्यात मात्र नल आहे. कमिशनची सरासरी 550 येते, कारण 2200 ची बेरीज चारच जणांत वाटली जाते: टर्नर मोजला जातो, ते दहा जण नाही. नलच्या जागी शून्य धरलं की तीच सरासरी 157 वर घसरते. शून्य आणि नल यांतला फरक याहून स्वच्छ मी कुठे पाहिलेला नाही.

पोस्टग्रेसच्या ट्युटोरियलमध्ये तर हवामानाच्या तीनच ओळी. त्यांतलं हेवर्ड शहरांच्या टेबलात नाही, आणि तेवढ्यावर जॉइनचा सगळा धडा उभा राहतो.

माझ्या वाचनालयाच्या टेबलात म्हणूनच एका सभासदाने कधी पुस्तकच नेलेलं नाही, एका पुस्तकाची परतीची तारीख रिकामी आहे आणि संजय पाटील दोन आहेत. नाव ही प्रायमरी की होऊ शकत नाही, हे त्या दोघांमुळे न सांगता कळतं. ईमेल सगळे ‘एक्झाम्पल डॉट कॉम’चे, ते नाव 1999 पासून अशा कामासाठीच राखून ठेवलेलं आहे. मोबाइल नंबरचा रकाना मी ठेवतच नाही. मनाने लिहिलेले दहा आकडेही कुणाचा तरी खरा नंबर निघू शकतात. आणि ग्राहकाचा खरा डेटा नावं बदलून वापरायला माझा ठाम नकार असतो. पत्ता आणि जन्मतारखेवरून माणूस ओळखता येतो.

शेवटी एकेक ओळ काढून सगळ्या क्वेरी पुन्हा चालवते. जिच्या जाण्याने एकाही उदाहरणाचा मुद्दा बिघडत नाही, ती ओळ कायमची जाते.